पुनर्संयोजित मानवी सिस्टॅटिन सी

प्रथिने कापणाऱ्या काही विकरांना (एन्झाइमांना) आवर घालणारे छोटे मानवी प्रथिन. लांबी १२० अमिनो आम्ले, वजन सुमारे १३.३ किलोडाल्टन, जनुक (सीएसटी३) २०व्या गुणसूत्रावर. शरीरात ते जवळपास सर्वच केंद्रकयुक्त पेशी बनवतात. संशोधनासाठी मात्र तेच जनुक जीवाणूत घालून प्रथिन तयार करवून घेतात, म्हणून ते ‘पुनर्संयोजित’.

नाशिककडे काळ्या मसाल्याचे मटण चिवट निघेल अशी शंका आली, की कच्च्या पपईचा गर लावून ठेवतात. पपईच्या चिकातले पपेन मांसातली प्रथिने तोडते. आपल्या पेशींतली कॅथेप्सिन बी, एच, एल आणि एस ही विकरे याच पपेनच्या घराण्यातली. सगळ्यांच्या कापणाऱ्या खाचेत सिस्टीन हे अमिनो आम्ल असते. सिस्टॅटिन या खाचेत पाचरीसारखे बसते आणि खाच बुजवते. एका विकराला एक रेणू पुरतो. पपेनशी त्याची पकड तर इतकी घट्ट, की सुटणे जवळजवळ नाहीच.

गंमत अशी, की हे प्रथिन १९६१ पासून ‘गॅमा-ट्रेस’ या नावाने माहीत होते, पण त्याचे काम काय ते कळायला १९८४ उजाडले. त्याचे कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकातले भावंड १९६० च्या दशकाअखेरीसच सापडले होते. ‘सिस्टॅटिन’ हे नाव १९८१ मध्ये या भावंडाला आधी मिळाले. रक्तातल्या सिस्टॅटिन सी वरून मूत्रपिंडाची गाळणक्षमताही मोजतात. स्नायू कमी-जास्त असल्याने क्रिएटिनिन या नेहमी मोजल्या जाणाऱ्या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाचा आकडा जसा फसवतो, तसा हा सहसा फसवत नाही.

ई. कोलाय जीवाणूकडून हे प्रथिन १९८८ पर्यंत बनवून घेता आले. त्यात दोन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधले दुवे) आहेत आणि जीवाणूच्या आतल्या द्रवात असे बंध नीट जुळत नाहीत. म्हणून प्रथिन जीवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत पाठवतात. या प्रथिनावर साखरेची साखळी नसल्याने जीवाणूचे काम सोपे होते.

खरी अडचण कुपी हातात आल्यावरची. उष्णतेने दोन रेणू आपापला एक भाग एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि जोडी झाली की पपेन रोखले जात नाही. (आइसलँडमधल्या काही कुटुंबांत ६८व्या जागी ल्यूसीनऐवजी ग्लुटामीन येते, जोड्या सहज जुळतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत त्यांचा साका बसून तरुणपणीच रक्तस्राव होतो.) मुंबईहून निघालेली पेटी मे महिन्यात कसारा घाट चढून नाशकात पोहोचते तेव्हा कोरडा बर्फ उरला आहे का, हे म्हणूनच आधी पाहावे. द्रावण लहान लहान भागांत गोठवावे. तेच ते वितळवून पुन्हा गोठवणे वाईट.

लेबलावरच्या ‘९५ टक्के शुद्ध’ला भुलू नये. तो आकडा बहुधा एसडीएस जेलवरचा (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीतला), आणि जेलसाठी नमुना उकळताना जोडीही सुटते; त्यामुळे बिघडलेला माल तिथे निर्मळ दिसतो. खरी परीक्षा पपेनची: ई-६४ या निरोधकाने पपेनचे सक्रिय रेणू आधी मोजायचे, मग थोडेथोडे सिस्टॅटिन घालत काप थांबेपर्यंत जायचे. किती प्रथिन जिवंत आहे ते तिथे कळते. मात्र लेग्युमेन या विकरावर काम करणाऱ्याला ही परीक्षा पुरत नाही. त्याला धरणारी जागा रेणूच्या दुसऱ्या अंगाला असते आणि ती जोडीतही शाबूत राहते.