पार्श्वभूमी : दहावीचा 'कल' नेमका कशाचा?

महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे पाहणारी कल चाचणी 2016 मध्ये सुरू झाली, ती सात क्षेत्रं घेऊन: कृषी, वाणिज्य, ललित कला, कला व मानव्यविद्या, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. जुन्या शिक्षकांना ही यादी ओळखीची वाटावी. 1952-53 च्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळांसाठी सातच गट सुचवले होते. त्यातले पाच जवळपास तसेच आहेत. विज्ञान आरोग्याकडे सरकलं, गृहविज्ञान गेलं, वर्दी आली. त्याही मागे 1908 चं बॉस्टनमधलं व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय आहे: आधी स्वतःला ओळखा, मग कामं समजून घ्या, मग दोन्हींचा मेळ घाला.

खरा गुंता 'कल' या शब्दाचा. 'तिचा गणिताकडे कल आहे' असं आपण म्हणतो तेव्हा तिला गणित आवडतं आणि जमतंही, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. चाचणीशास्त्रात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: आवडणं म्हणजे अभिरुची, जमणं म्हणजे अभिक्षमता. अभिरुची चाचणीत बरोबर-चूक उत्तर नसतं. इंजिन खोलायला आवडेल की हिशेब तपासायला, एवढंच विचारतात. अभिक्षमता चाचणी घड्याळ लावून होते. ओळीने जोडलेल्या तीन दातेरी चाकांतलं पहिलं उजवीकडे फिरलं तर तिसरं कुठे फिरेल, याचं उत्तर एकच असतं. 2016 ची चाचणी फक्त अभिरुचीची होती. अभिक्षमतेची जोड नंतर मिळाली. मधल्या काळात 'तांत्रिक कल' म्हणजे 'इंजिनिअरिंग झेपेल' असा अर्थ घरात लावला गेला असेल, तर दोष पालकांचा नाही. शब्दच तसा निवडला होता.

दुसरी चूक वेळेची. अहवाल गुणपत्रिकेसोबत हातात पडायचा, म्हणजे अकरावीच्या अर्जाच्या तोंडावर. समुपदेशनाला आठवी-नववीची दोन वर्षं हवीत. कारण पंधराव्या वर्षीची आवड पाहिलेल्या कामांपुरतीच असते. गावात पोलीस आणि फौजी दिसतात, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ दिसत नाही. न पाहिलेल्या कामापुढे मूल 'आवडत नाही' अशी खूण करतं.

शततमकाचा (पर्सेंटाइलचा) घोळ तर आजही चालू आहे. अभिक्षमतेत शततमक 70 म्हणजे 70 टक्के गुण नव्हेत. तुलनेसाठी घेतलेल्या 100 मुलांपैकी सुमारे 70 जण त्याच्या खाली आहेत, इतकाच त्याचा अर्थ. तुलना कोणाशी केली, वय आणि माध्यम तेच होतं का, हे अहवालात नसेल तर आकड्याला वजन नाही. इंग्रजी चाचणीवर मराठी माध्यमाचं मूल भाषिक क्षमतेत मागे दिसतं, ते याचमुळे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधल्या भिंती काढायचं म्हटलं, तरी अकरावीचा अर्ज शाखाच विचारतो. तेव्हा अहवालात पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या क्षेत्रांच्या गुणांमधलं अंतर आधी बघावं. ते थोडंसंच असेल तर क्रम विसरावा, तिन्ही क्षेत्रांतली कामं करणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष भेटावं, आणि काही महिन्यांनी चाचणी पुन्हा द्यावी.