बेंगळुरूची लोकल : रूळ होते, गाडी मागावी लागली

बेंगळुरूच्या उपनगरी रेल्वेची बातमी आली की मुंबई-पुण्याच्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो : एवढ्या मोठ्या शहरात लोकल आजवर नव्हतीच का? नव्हती. पहिले रूळ मात्र १८६४ मध्येच आले, आणि आज ते शहराच्या चहूबाजूंना आहेत. चेन्नईकडे जाणारा मार्ग व्हाइटफील्ड या आयटी कंपन्यांच्या भागातून जातो. होसूर-सेलमकडे जाणाऱ्या मार्गावरचे हीलळिगे स्थानक इलेक्ट्रॉनिक सिटी या दुसऱ्या आयटी वसाहतीपासून जवळ आहे. येलहंकाहून चिक्कबळ्ळापूरकडे निघालेला मार्ग देवनहळ्ळीच्या विमानतळाला खेटून जातो. पश्चिमेला म्हैसूर आणि तुमकुरूचे मार्ग आहेतच. आयटीतली माणसे ज्या रस्त्यांवर रोज तासन् तास अडकतात, त्यातल्या बऱ्याच रस्त्यांच्या आसपास रूळ आहे. त्यावरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या जातात, तिथला नोकरदार मात्र बसमध्ये उभा असतो.

ही विसंगती सरकारी कागदांत फार लवकर नोंदली गेली. १९८३ मध्ये दक्षिण रेल्वेने नेमलेल्या पथकाने शहरासाठी मेट्रोबरोबर उपनगरी गाड्यांचीही शिफारस केली होती. पुढे काही झाले नाही. त्यामागचे एक कारण म्हणजे बेंगळुरूचा रेल्वे कारभार तेव्हा चेन्नईहून चालायचा. २००३ मध्ये नैर्ऋत्य रेल्वे हा वेगळा विभाग झाला, पण त्याचे मुख्यालय हुबळीला गेले. दुसरे कारण पैशाचे. उपनगरी वाहतूक तोट्यात चालते ही रेल्वेची जुनी तक्रार आहे, त्यामुळे नव्या शहराची जबाबदारी अंगावर घ्यायला ती राजी नसते. राज्य सरकार म्हणायचे, रेल्वे केंद्राची, त्यांनी पाहावे. तोवर मेट्रोचे काम सुरू झाले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तिचा पहिला छोटा पट्टा चालू झाला. मेट्रो शहराची, तिचे श्रेय शहरात घेता येते. लोकलला कुणी वाली नव्हता.

तो वाली नागरिकांमधून उभा राहिला. 'प्रजा राग' या गटाने २०१० च्या सुमारास उपनगरी रेल्वेचा आराखडा स्वतः तयार करून सरकारपुढे ठेवला. या मंडळींचे मला विशेष कौतुक वाटते ते त्यांच्या अभ्यासासाठी. वेळापत्रके उघडून कोणत्या मार्गावर किती गाड्या धावतात, कुठे जागा रिकामी आहे, कुठे थांबा दिला तर माणसे चढतील, हे त्यांनी एकेका मार्गाबाबत मांडले. पुढे राज्याच्या नगर भू-परिवहन संचालनालयाने 'राइट्स' या रेल्वेच्या सल्लागार कंपनीकडून अभ्यास करून घेतला. २०१२ च्या त्या अहवालात चारशे किलोमीटरहून मोठे जाळे आणि साधारण पावणेनऊ हजार कोटींचा खर्च मांडला होता. नागरिकांची मागणी प्रथमच अधिकृत कागदावर आली.

त्यांचे नेमके म्हणणे समजून घ्यायला हवे, कारण आजचा वादही तिथेच आहे. शहरातल्या बऱ्याच भागांत सिग्नलची पद्धत जुनी होती : दोन स्थानकांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी. ती पुढच्या स्थानकात पोचल्याशिवाय मागची सुटायची नाही. स्थानके सहा-आठ किलोमीटरवर असली की अशा मार्गावर तासाला मोजक्याच गाड्या बसतात. मधे स्वयंचलित सिग्नल बसवले की त्याच रुळावर एकामागून एक गाड्या सोडता येतात. शिवाय इंजिनाच्या पॅसेंजरला शेवटच्या स्थानकात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागते. मेमूला, म्हणजे वेगळे इंजिन नसलेल्या लोकलसारख्या विजेच्या गाडीला, दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. ती पटकन वेग घेते आणि आली तशी परत फिरते. म्हणून मागणी साधी होती : सिग्नल बदला, एकेरी मार्ग दुहेरी करा, मेमू आणा, मधे थांबे द्या. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांच्याच रुळांवर धावते आहे. तिचे हाल पुणेकरांना ठाऊक आहेत, पण ती आहे आणि तिच्या भरवशावर पिंपरी-चिंचवडच्या पलीकडे घरे घेणारी माणसे आहेत.

या मागणीला रस्त्यावरचा आवाज मिळाला तो २०१६ मध्ये, आणि तोही एका उड्डाणपुलामुळे. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ असा सुमारे पावणेसात किलोमीटरचा पोलादी पूल सरकारने ठरवला होता. त्याविरुद्ध १६ ऑक्टोबर २०१६ ला हजारो लोकांनी मानवी साखळी केली. पुढच्या मार्चमध्ये पूल रद्द झाला. पूल नको, तर मग काय हवे, याचे उत्तर 'सिटिझन्स फॉर बेंगळुरू'च्या कार्यकर्त्यांकडे तयार होते. त्यांनी 'चुकुबुकु बेकु', म्हणजे झुकझुक गाडी हवी, अशी घोषणा दिली. लोक फलक घेऊन स्थानकांवर आले, तिकिटे काढून गाड्यांत बसले. व्हाइटफील्डमधल्या रहिवाशांचे गट आधीपासून गाड्या आणि थांबे मागत होतेच. विरोध करणाऱ्यांनी पर्यायही पुढे ठेवला, ही या चळवळीची खरी ताकद होती.

२०१८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने बेंगळुरूसाठी १६० किलोमीटर आणि १७ हजार कोटींची घोषणा केली. त्याच भाषणात मुंबईच्या लोकललाही मोठी रक्कम जाहीर झाली होती. ७ ऑक्टोबर २०२० ला १४८ किलोमीटरच्या, १५,७६७ कोटींच्या चार मार्गिकांना मंजुरी मिळाली. त्यांना फुलांची आणि झाडांची नावे मिळाली : संपिगे, मल्लिगे, पारिजात आणि कनक. काम 'के-राइड'कडे गेले. आपल्याकडच्या मुंबई रेल्वे विकास महामंडळासारखीच ही राज्य आणि रेल्वे मंत्रालयाची संयुक्त कंपनी आहे.

मंजुरी मिळाली, पण मागितले होते ते हे नव्हे. आहे त्या रुळांवर थोड्या खर्चात गाड्या सोडण्याच्या जागी जवळपास नवीच रेल्वे उभी राहणार होती : स्वतंत्र मार्ग, उन्नत पट्टे, नवे डेपो. दूरचा विचार केला तर स्वतंत्र रूळ हवेतच, हे मुंबईकराला सांगायला नको. पण त्यासाठी भूसंपादन आले, झाडे आली, निविदा आल्या. २० जून २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा ४० वर्षे रखडलेले काम ४० महिन्यांत करू असे सांगण्यात आले. ते महिने ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. एकाही मार्गिकेवर गाडी सुरू झाली नव्हती, आणि त्याच वर्षी दोन मार्गिकांचे काम मुख्य ठेकेदार कंपनीने वादातून सोडले.

आहे त्या रुळावरचा एक प्रयोग मात्र झाला. विमानतळाजवळ थांबा बांधला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथे गाड्या थांबू लागल्या. पण गाड्या मोजक्या आणि वेळा विमानांना न जुळणाऱ्या, म्हणून प्रवासी फिरकले नाहीत आणि काही फेऱ्या बंदही झाल्या. यावरून मागणीच नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. दिवसात चार-दोन फेऱ्या असतील, तर विमान गाठायला निघालेला माणूस कुठेही टॅक्सीच करील. म्हणून मार्गिका पूर्ण होईपर्यंत सध्याच्या रुळांवर गर्दीच्या वेळी मेमू वाढवा, ही २०१० ची मागणी बेंगळुरूकर आजही करत आहेत.