गाडी खाली बसवली, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच कसे चालतील?

अमेरिकेत शेव्हरले सिल्व्हराडोसारखे पिकअप खाली बसवणाऱ्यांत एक समज पक्का आहे: उंची कमी करा, शॉक मूळचेच ठेवा. चुकीचं आहे हे. वजन स्प्रिंगचे पाटे पेलतात. शॉक फक्त उसळी आवरतो, आणि त्यासाठी त्याला आत जायला जागा लागते. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर घेतला की गाडी ५-६ इंच उतरते. मूळचा शॉक मग उभ्या गाडीतच जवळजवळ मिटलेला असतो. साधा खड्डा आला तरी आतला दट्ट्या तळाला आपटतो, पुढे सील फुटून तेल गळतं. दोष मात्र बिचाऱ्या पाट्यांना! त्यावर 'कडक शॉक घाला' हा सल्ला तर निव्वळ विनोद. लांबी चुकली तर कडकपणा काय करणार?

गाडी चाकांवर उभी करून शॉकच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजा आणि त्याला बसेल असा शॉक निवडा. अ‍ॅक्सलला आणखी वर जाण्यापासून अडवणारा रबरी बंपस्टॉप टेकल्यावरही शॉक थोडा दाबायचा उरला पाहिजे.