राखीव होस्टचा हिशेब : भारवाटपाची पार्श्वभूमी

एका संगणकावर अनेक आभासी यंत्रे (व्हर्च्युअल मशीन) चालवण्याची सोय आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर केली तेव्हापासून बाजारात आहे. चालू व्हर्च्युअल मशीन न थांबवता दुसऱ्या होस्टवर (अशी मशीन चालवणाऱ्या संगणकावर) हलवणे व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीमोशन या सुविधेने २००३ मध्ये शक्य केले, पण कोणते मशीन कुठे न्यायचे हे तेव्हा प्रशासकच ठरवत असे. २००६ मध्ये हा निर्णय होस्टमध्ये आपोआप भार वाटणाऱ्या डीआरएस या सुविधेकडे सोपवण्यात आला आणि त्याच आवृत्तीत, होस्ट बंद पडल्यास त्यावरील मशीन इतरत्र पुन्हा सुरू करणारी एचए ही सुविधाही आली. डीआरएसला उपलब्ध क्षमता सगळ्यांना नीट वाटायची असते, तर एचएला त्यातलाच काही भाग मोकळा ठेवायचा असतो. पुढचा इतिहास मुख्यतः हा मोकळा भाग कसा मोजावा याचा आहे.

पहिली पद्धत स्लॉटची, म्हणजे क्षमतेचे सारख्या आकाराचे कप्पे मोजण्याची. क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटातील, सर्वांत मोठ्या रिझर्व्हेशनवरून (एखाद्या मशीनला राखून दिलेल्या क्षमतेवरून) स्लॉटचा आकार ठरत असे. गोव्यातील वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यात प्रत्येकी २५६ जीबी मेमरीचे तीन होस्ट आहेत आणि एकाच डेटाबेस मशीनला ३२ जीबी मेमरी राखून दिली आहे, असे समजू. व्यवस्थेसाठी लागणारी मेमरी सोडली तर प्रत्येक होस्टवर ८ स्लॉट बसतात आणि एक होस्ट राखीव धरल्यावर १६ उरतात; त्यामुळे बाकीची मशीन ४ जीबीची असली तरी सतरावे मशीन सुरू करण्यास ॲडमिशन कंट्रोल, म्हणजे राखीव जागा उरते का हे पाहणारी एचएची तपासणी, नकार देते. वैतागून ही तपासणीच बंद करून टाकण्याचा मोह इथूनच सुरू झाला.

२००९ मध्ये एकूण क्षमतेचे ठरावीक टक्के मोकळे ठेवण्याची पद्धत आली आणि एका मोठ्या मशीनमुळे सगळा हिशेब बिघडणे थांबले. मात्र मोकळी क्षमता थोडीथोडी सर्व होस्टवर विखुरली, तर बेरीज पुरेशी असूनही मोठे मशीन कुठेच मावत नाही; म्हणून पुढच्याच वर्षापासून अशा वेळी एचए डीआरएसला जागा करून देण्याची विनंती करू लागली. व्हीएमवेअरच्या प्रणालीच्या २०१६ च्या ६.५ आवृत्तीपासून टक्केवारी होस्टच्या संख्येवरून आपोआप ठरू लागली. तरीही हा हिशेब प्रत्यक्ष वापराचा नसून रिझर्व्हेशनचा असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही : ज्या मशीनला काहीच राखून दिलेले नाही ते पुन्हा सुरू होईल, पण किती वेगाने चालेल याची हमी नसते. २०२० मध्ये डीआरएसनेही होस्टमधील समतोलाऐवजी प्रत्येक मशीनच्या गरजेकडे पाहण्यास सुरुवात केली.

गोव्यातील तीन होस्टच्या मांडणीत राखीव भाग एकतृतीयांश असतो आणि तो व्यवस्थापनाच्या डोळ्यांत खुपतो. सोळा होस्टच्या क्लस्टरमध्ये तोच एकसोळांश होतो. शिवाय हा सगळा हिशेब एका वेळी एकच होस्ट बिघडेल असे गृहीत धरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने राज्यात ठिकठिकाणी वीज गेली, तशा वेळी एकाच खोलीतील तिन्ही होस्ट बंद पडले तर राखीव क्षमतेचा काडीचाही उपयोग नाही. तिथे जनरेटर आणि दुसऱ्या जागेवरील प्रतच कामाची.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि परवाने प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येवर, वर्गणीच्या रूपात मिळू लागले. त्यामुळे राखीव होस्टच्या कोअरचेही पैसे दरवर्षी मोजावे लागतात. तीनऐवजी दोन होस्ट ठेवून हा खर्च वाचवू पाहणाऱ्याला मात्र निम्मी क्षमता मोकळी सोडावी लागते.