खताची मात्रा आणि पाणीबदल: प्लांटेड टँकमधील हिशेबाची पार्श्वभूमी

सोलापुरात प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेले मत्स्यालय, ठेवणाऱ्या नवख्याला एक सल्ला हमखास मिळतो: आठवडाभर खते घाला आणि आठवड्याच्या शेवटी निम्मे पाणी बदला. टाकी २०० लिटरची असेल, तर दर आठवड्याला शंभर लिटर, म्हणजे घरातला अर्धा ड्रम पाणी त्यासाठी लागते. उजनी, टाकळी आणि हिप्परगा या जलस्रोतांवर अवलंबून असलेल्या या शहरात नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी येत आले आहे, त्यामुळे येथे हा सल्ला पाळणे अवघड जाते आणि अनेकजण खत तेवढेच ठेवून पाणीबदल टाळतात. खरे तर या सल्ल्याचे दोन्ही भाग एकाच हिशेबातून आलेले आहेत, आणि तो हिशेब कसा तयार झाला हे ठाऊक असल्याशिवाय त्यातला एक भाग सोडून देणे टाकीला परवडत नाही.

मत्स्यालयाची सुरुवात नेमक्या उलट श्रद्धेने झाली होती. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही ते स्वच्छ राहते, असे त्यांनी दाखवले. मासे सोडतात ते वनस्पती घेतात, वनस्पती सोडतात ते मासे घेतात, या ‘संतुलित’ टाकीच्या कल्पनेने पुढची शंभर वर्षे छंदावर राज्य केले आणि जुने, पिवळसर झालेले पाणी चांगले मानण्याची पद्धत रूढ झाली. मंद उजेड आणि मोजके मासे असतील, तर ती कल्पना बऱ्याच अंशी खरीही ठरते.

त्याच सुमारास शेतीशास्त्रात एक वेगळा विचार रुजत होता. कार्ल स्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि युस्टुस फॉन लिबिग यांनी सर्वदूर पोहोचवलेला किमान घटकाचा नियम सांगतो की, पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर ठरते. डाळिंबाच्या बागेत सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता पाहिलेल्या सोलापूरच्या शेतकऱ्याला हा नियम नव्याने समजावून सांगावा लागत नाही. मत्स्यालयात मात्र तो फार उशिरा पोहोचला. १९८० च्या दशकात जर्मन छंदवंतांनी लोह आणि कार्बन डायऑक्साइड यांवर भर दिला, आणि जपानमध्ये मत्स्यालय सजवणारे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांच्या टाक्यांनी प्रखर उजेडाची गोडी लावली. उजेड आणि कार्बन डायऑक्साइड वाढले की वनस्पतींची भूकही वाढते, आणि माशांची विष्ठा तेवढी भूक भागवू शकत नाही. बाहेरून खत घालणे तेव्हापासून अपरिहार्य झाले.

किती घालायचे, यावर १९९६ मध्ये पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन या छंदवंतांनी एक उत्तर दिले. त्यांच्या मिश्रणात पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेली राहतील अशा रूपातली) सूक्ष्म अन्नद्रव्ये होती. स्फुरद (फॉस्फरस) मात्र मुद्दाम वगळले होते, कारण स्फुरद तुटपुंजे राहिले तर शेवाळाची कोंडी होते, असे त्यांचे मत होते. पुढे पाणवनस्पतींचे अभ्यासक टॉम बार यांनी दाखवले की भरघोस वाढणाऱ्या टाकीत स्फुरद वाढवले तरी शेवाळ येतेच असे नाही. त्यांनी सुचवलेली पद्धत सरळ होती: सर्व अन्नद्रव्ये गरजेपेक्षा थोडी जास्त घालावीत, दर वेळी चाचणी करत बसू नये आणि आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा आटोक्यात ठेवावा. म्हणजे पाणीबदल हा येथे निव्वळ स्वच्छतेचा भाग नाही. न केलेल्या चाचणीच्या जागी तो उभा आहे. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

त्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट घातले आणि वनस्पतींनी काहीच घेतले नाही असे धरले, तरी निम्म्या पाणीबदलाने साठा २० च्या वर जात नाही. पाव पाणी बदलल्यास तीच मर्यादा ४० होते, आणि अजिबात न बदलल्यास मर्यादाच उरत नाही. म्हणून पाणीबदल निम्म्यावरून पावावर आणणाऱ्याने खतही निम्मे केले पाहिजे, आणि त्याबरोबर उजेडाचे तासही कमी केले पाहिजेत. लेखिका डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये मांडलेली मातीच्या थराची, कमी उजेडाची आणि क्वचित पाणीबदलाची पद्धत याच कारणाने टंचाईच्या गावांना अधिक मानवते.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, टाकीची पातळी भराभर उतरते आणि तेवढी भर घालून पाणी बदलल्याचे समाधान मानले जाते. वाफ होते ती नुसत्या पाण्याची; क्षार आणि खत मागेच राहतात. भर बोअरच्या जड पाण्याची असेल तर प्रत्येक वेळी आणखी क्षार येतात आणि काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरा थर चढत जातो. आधी थोडे पाणी काढावे आणि मगच नवे घालावे. उजनीच्या जलाशयात पुण्याकडचे सांडपाणी येत असल्याने आणि शेतशिवारातल्या बोअरमध्ये नायट्रेट झिरपलेले असू शकते म्हणून, मात्रा ठरवण्यापूर्वी आपल्याकडे येणाऱ्या पाण्यातले नायट्रेट एकदा तरी तपासून घ्यावे.

सीअर्स-कॉनलिन मिश्रणातली बहुतेक द्रव्ये येथे कृषी सेवा केंद्रात ठिबकची विद्राव्य खते म्हणून मिळतात. त्यांच्या नावातले आकडे अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) यांचे प्रमाण सांगतात; १३:००:४५ हे पोटॅशियम नायट्रेट आहे. २०० लिटरच्या टाकीत त्याचे २ ग्रॅम विरघळवले की नायट्रेट लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅमने वाढते. ००:५२:३४ मधून स्फुरद आणि पालाश मिळते. १९:१९:१९ आणि १२:६१:०० मात्र टाकीत घालू नयेत, कारण त्यांतले बहुतेक नत्र युरिया किंवा अमोनियमच्या रूपात असते आणि अल्कधर्मी पाण्यात त्यातून माशांना घातक असा अमोनिया तयार होतो.