खंडीय कोड : लक्षणे आणि ओळख

शरीराच्या एकाच बाजूला, एखाद्या पट्ट्यापुरते येणारे कोड. डॉक्टर त्याला सेगमेंटल व्हिटिलिगो म्हणतात. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी त्या पट्ट्यातून नाहीशा होतात आणि दुधासारखा पांढरा डाग उरतो. कोडाच्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १६ टक्क्यांत हा प्रकार आढळतो. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला नेहमीच्या कोडापासून वेगळे काढले, कारण दोन्हींची चाल वेगळी आहे. नेहमीचे कोड दोन्ही हातांवर, दोन्ही गुडघ्यांवर जोडीने येते आणि वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहते. खंडीय कोड बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होते, सहा महिने ते दोन वर्षे झपाट्याने पसरते आणि मग बहुतेकदा आहे तिथेच थांबते.

ओळखीची पहिली खूण म्हणजे मध्यरेषा. कपाळ, नाकाचा शेंडा, हनुवटी, बेंबी अशी सरळ रेषा मनात ओढावी. डाग तिच्यापाशी येऊन अडल्यासारखा दिसतो. क्वचित तो किंचित पलीकडे जातो, पण दुसऱ्या गालावर त्याची जोडी नसते. निम्म्याहून अधिक रुग्णांत डाग चेहऱ्यावर असतो, त्याखालोखाल धड, मान, हातपाय. कडा वेड्यावाकड्या असतात. डागाला खाज, कोंडा, बधिरपणा यांतले सहसा काही नसते.

दुसरी खूण केसांची, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. डागावरची भुवई, पापणी किंवा डोक्यावरची एखादी बट लवकरच पांढरी होते. मुलाचे केस कापताना सलूनवाल्याने ‘इथे एवढेच पांढरे कसे?’ असे विचारले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. डाग भरून येतो तेव्हा रंग बहुधा केसांच्या मुळांतून, ठिपक्याठिपक्यांनी परततो. केसच पांढरे झाले म्हणजे मुळातला रंगपेशींचा साठाही संपत आला, आणि मलमाला दाद मिळणे अवघड होते.

गव्हाळ त्वचेवर सुरुवातीचा फिका डाग ट्यूबलाइटखाली निसटतो. मे महिन्यात गावी उन्हात हुंदडून मूल मुंबईला परतले, की भोवतीची कातडी रापलेली असते आणि डाग एकदम उठून दिसतो. तो नेमका कधी आला हे ठरवायला मोबाइलमधले जुने फोटो उत्तम. दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशात असा डाग निळसर पांढरा चमकतो.

दमट हवेच्या मुंबईत पांढरा डाग म्हणजे शिबे, असे घरीच ठरून जाते. शिब्यांवर बारीक कोंडा असतो आणि ती छाती-पाठीवर विखुरलेली असतात. मुलांच्या गालांवरचे फिकट, खरखरीत चट्टे ‘जंतांचे’ मानतात. तो बहुधा कोरड्या त्वचेचा प्रकार असतो आणि त्यात रंग पूर्ण जात नाही. खरी गफलत होते ती जन्मापासून किंवा तान्हेपणापासून असलेल्या फिक्या डागाशी. तोही एका बाजूला असतो, पण मुलाबरोबर वाढतो, नव्याने पसरत नाही आणि वूड्स लॅम्पखाली तसा लखलखत नाही. डाग बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. कोडाचा त्या रोगाशी काहीही संबंध नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या शब्दाने मात्र तो उगाच चिकटवून ठेवला आहे. मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड फुटते, ही समजूतही निराधार आहे. मासे सुटलेल्या मुलाला त्यातून काही मिळत नाही.

कारण पुरते उलगडलेले नाही. त्या पट्ट्यातल्या पेशींत गर्भावस्थेतच झालेला जनुकीय बदल, मज्जातंतूंचा प्रभाव आणि स्थानिक प्रतिकारशक्तीचा हल्ला, असे तिन्ही विचार मांडले जातात. थायरॉइडच्या विकारांशी या प्रकाराचे नाते नेहमीच्या कोडाइतके घट्ट नाही.

डाग पसरत असतानाच उपचार सुरू झाले तर फायदा अधिक होतो: स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमसचे मलम, जोडीला ३०८ नॅनोमीटरचा एक्झायमर प्रकाश, म्हणजे फक्त डागावर सोडलेले अतिनील किरण. वर्षभर नवा डाग आला नाही आणि जुना वाढला नाही, तर त्वचारोपण किंवा रंगपेशींचे रोपण करता येते, आणि ते या प्रकारात चांगले टिकते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर या पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथे जाताना डागावर पावडर किंवा मेकअप लावू नये, आणि ते जुने फोटो सोबत न्यावेत.