हाताची घडी, तोंडावर बोट

वर्गात गलका वाढला की बाई म्हणतात, ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ आणि चाळीस मुलं चिडीचूप होतात. तोंडावरच्या बोटाचं मी समजू शकते. हाताच्या घडीबद्दल मात्र बोलायलाच हवं.

फोनवर कुणाला घराचा पत्ता सांगताना स्वतःकडे जरा लक्ष द्या. ‘मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळा, मग चढ लागेल,’ असं म्हणता म्हणता आपला मोकळा हात डावीकडे वळतो, चढही चढतो. पलीकडच्याला यातलं काहीच दिसत नसतं. मग हे हातवारे कुणासाठी?

१९९८ साली जेना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध जन्मांध मुलांमध्ये घेतला. या १२ जणांनी आयुष्यात कुणाचे हातवारे पाहिलेले नव्हते. तरी बोलताना त्यांचे हात डोळस मुलांसारखेच हलत होते. एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतल्याचं सांगताना, पेला धरल्यासारखी बोटं वळवून ती हात हवेत कलता करत. आणखी चार जन्मांध मुलांना अंध माणसाशीच बोलायला बसवलं, तेव्हाही हात थांबले नाहीत.

  

हात बोलणाऱ्याच्याही कामाचे असतात, हे शिकागोतल्या गोल्डिन-मेडो यांनी वर्षानुवर्षं मुलांचे हात न्याहाळून दाखवलं. १९८६चा त्यांचा आणि ब्रेकिनरिज चर्च यांचा प्रयोग मला फार आवडतो. दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी. मुलासमोर एका पेल्यातलं पाणी पसरट, बुटक्या भांड्यात ओततात आणि विचारतात, ‘आता दोन्हीकडे सारखंच आहे का?’ लहान मूल ‘नाही’ म्हणतं. कारण विचारलं तर सांगतं, ‘हा पेला उंच आहे ना!’ इथवर नवल नाही. पण काही मुलं तोंडानं उंचीबद्दल बोलत असताना त्यांची बोटं भांड्याची रुंदी दाखवत असतात. उंची कमी झाली तशी रुंदी वाढली, ही अर्धी गोष्ट त्यांच्या हातांना उमगलेली असते, तोंडापर्यंत ती अजून यायची असते. पुढे शिकवल्यावर याच मुलांची प्रगती सर्वांत जास्त झाली. उत्तर चुकलेल्या दोन मुलांपैकी कोण उंबरठ्यावर उभं आहे, ते उत्तरपत्रिकेत दिसत नाही, हातांत दिसतं.

आणि हात बांधून ठेवले तर? २००१च्या एका प्रयोगात मुलांना आणि मोठ्यांना काही शब्द किंवा अक्षरं लक्षात ठेवायला दिली, आणि मध्येच फळ्यावर सोडवलेलं गणित समजावून सांगायला लावलं. समजावताना ज्यांचे हात हलत होते, त्यांना नंतर जास्त आठवलं. हातांनी बोलण्याचं थोडं ओझं उचललं की डोक्यात जागा मोकळी राहते, असा त्याचा अर्थ लावला जातो. घडी घालून उत्तर देणारं मूल ते सगळं ओझं एकट्या डोक्यावर वाहत असतं.

आता हे गणित पाहा: ३ + ४ + ५ = ＿ + ५. तिसरी-चौथीची पुष्कळ मुलं रिकाम्या जागी १२ लिहितात. २००९च्या प्रयोगात काही मुलांना दोन बोटं पहिल्या दोन आकड्यांखाली टेकवायला आणि मग एक बोट रिकाम्या जागेकडे न्यायला शिकवलं. ‘हे दोन आकडे मिळव’ असं शब्दांत कुणी सांगितलं नाही. तरी ज्यांनी बोटं नीट टेकवली, त्यांना नंतर अशी गणितं जास्त जमली, आणि ‘कसं केलंस?’ विचारल्यावर ती दोन आकड्यांची बेरीज आपसूक त्यांच्या तोंडी आली.